करारावर अंगठा कुणाचा?

चाच्यांच्या जहाजावर लोकशाही होती. लुटालूट करणारे, माणसं मारणारे, सापडले की फासावर जाणारे हे लोक. पण कप्तान निवडायचा तर मतदान करायचे. नको झाला तर मतदान करूनच खाली ओढायचे. इंग्लंडात साध्या खलाशाला मताचा अधिकार नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. पीटर लीसन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं २००९ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. नाव 'द इनव्हिजिबल हूक'. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली बाजाराचा अदृश्य हात सांगितला. हात तुटलेला चाचा मनगटाला लोखंडी आकडा लावतो, म्हणून हा अदृश्य आकडा. नावातच थट्टा आहे, पण आतला माल थट्टेचा नाही.

हे पुस्तक चळवळीतल्या पोरांनी वाचावं असं मला वाटतं. आपल्याकडं अर्थशास्त्र म्हटलं की दोनच गोष्टी चालतात. एक तर कॉलेजातल्या मागणी-पुरवठ्याच्या रेघा, नाहीतर पोथीतलं मार्क्सवादी पाठांतर. विचित्र वाटणाऱ्या माणसांच्या विचित्र वाटणाऱ्या रीतीमागं कोणता हिशेब असतो, हे शोधणारं अर्थशास्त्र आपल्यापर्यंत पोचतच नाही. ते पोचलं पाहिजे. पण ते वाचताना एक सवाल हातात घट्ट धरून वाचलं पाहिजे. तो सवाल कोणता, तेवढंच इथं सांगायचं आहे.

आधी लीसनचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडू. सुमारे १७१६ ते १७२६ हा अटलांटिकवरच्या चाच्यांचा भरभराटीचा काळ. त्यांच्यातले बरेच जण आधी व्यापारी जहाजांवर खलाशी होते. तिथं कप्तान म्हणजे हुकूमशहा. अन्न तोडायचा, पगार कापायचा, चाबूक ओढायचा. असं का? लीसन म्हणतो, कप्तान स्वभावानं दुष्ट होता म्हणून नव्हे. जहाजाचे मालक बंदरात, घरी बसलेले. जहाज महिनोन्महिने समुद्रावर. खलाशांवर नजर ठेवायला मालकाला स्वतःचा एक माणूस पाहिजे आणि त्याच्या हातात पूर्ण सत्ता पाहिजे. मालकी एकाची आणि घाम दुसऱ्याचा, म्हणून मधे चाबूक.

चाच्यांचं जहाज चोरीचं. किनाऱ्यावर मालक कुणी नाही. जे जहाज चालवतात तेच मालक. मग हुकूमशहा कशाला? उलट कप्तान माजला तर सगळ्यांचंच नुकसान. म्हणून त्यांनी सत्ता फोडली. लढाईच्या वेळी कप्तानाचा हुकूम. एरवी रसद, वाटप, शिक्षा हे सगळं क्वार्टरमास्टरच्या हातात, आणि तोही निवडलेला. निघण्याआधी लेखी करार. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या करारात प्रत्येकाला मत होतं, ताज्या अन्नावर आणि दारूवर प्रत्येकाचा सारखा हक्क होता. कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे, साध्या चाच्याला एक. तफावत एवढीच. लढाईत हात-पाय गेला तर सामायिक पेटीतून ८०० डॉलर भरपाई. ना सरकार, ना पोलीस, ना कोर्ट, तरी कारभार चालत होता.

लीसन म्हणतो, हे लोक आपल्याहून चांगले नव्हते. ते चोरच होते. चोरीचा धंदा नीट चालायचा तर आपसात चोरी चालत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. काळा झेंडासुद्धा हिशेबाचाच. झेंडा बघूनच समोरच्यानं हात वर केले तर लढाईचा खर्च वाचतो. हे सगळं पटण्यासारखं आहे. आपल्यातल्या ज्या पोरांना वाटतं की माणसं आधी सुधारली पाहिजेत, मग समाज सुधारेल, त्यांनी हा धडा घ्यावा. नियम कसे बांधलेत त्यावर माणसाचं वागणं ठरतं. व्यापारी जहाजावर चाबूक खाणारा खलाशी चाच्यांच्या जहाजावर मत देत होता. माणूस तोच होता. बदलली होती ती मालकी.

पण आता पुढं चला.

एक्सकेमेलिन नावाचा माणूस स्वतः या लुटारूंच्यात राहिलेला. त्याचं पुस्तक १६७८ साली निघालं. रॉबर्ट्सच्या आधीच्या पिढीचे करार त्यात आहेत. जखमींच्या भरपाईचा तक्ता बघा. उजवा हात गेला तर ६०० स्पॅनिश चांदीची नाणी, किंवा सहा गुलाम. डावा हात ५०० नाणी, किंवा पाच गुलाम. डोळा गेला तर १०० नाणी, किंवा एक गुलाम.

परत वाचा. एका डोळ्याला एक माणूस. सहा माणसांचा एक हात. कामगारांच्या विम्याचा हा जुना नमुना म्हणून अर्थशास्त्रज्ञ या तक्त्याचं कौतुक करतात आणि कौतुकाला जागा आहेच. पण या तक्त्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांच्या हाताची किंमत ठरवली जाते. दुसरी, ज्यांच्या रूपानं ती किंमत चुकवली जाते. करारावर अंगठा पहिल्यांचा. दुसरी माणसं करारात आहेत, पण नाण्यासारखी.

रॉबर्ट्सचीच गोष्ट घ्या, ज्याच्या करारात प्रत्येकाला मत होतं. जानेवारी १७२२ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विदा बंदरात शिरला. आज ते बेनिन देशात आहे. गुलाम भरायला आलेली जहाजं तिथं उभी होती. त्यानं खंडणी मागितली, बाकीच्यांनी दिली. 'पोर्क्युपाइन' नावाच्या जहाजाच्या कप्तानानं दिली नाही. त्या जहाजावर सुमारे ८० आफ्रिकी माणसं होती, दोन-दोन जणांना एका बेडीत जखडलेलं. जहाज जाळायला आलेल्या चाच्यांना घाई होती. बेड्या सोडवायला फार वेळ आणि फार श्रम लागत होते. त्यांनी माणसांसकट जहाज पेटवलं. आगीत जळा, नाहीतर शार्क माशांनी भरलेल्या पाण्यात उडी टाका, एवढीच निवड त्या माणसांपुढं उरली. १७२४ साली चाच्यांचा जो इतिहास छापला गेला आणि ज्यातून रॉबर्ट्सचा करार आपल्यापर्यंत आला, त्याच पुस्तकात ही हकीकतही आहे.

वेळ आणि श्रम. म्हंजे खर्चच की. लीसनच्याच पद्धतीनं बघितलं तर या आगीचंही स्पष्टीकरण देता येतं. बेडी सोडवण्याचा खर्च जास्त, फायदा शून्य, म्हणून पेटवलं. हिशेब बरोबर आहे. आणि इथंच माझा सवाल उभा राहतो. हिशेब बरोबर, पण वही कुणाची? कुणाचा खर्च त्या वहीत लिहिला जातो आणि कुणाचा लिहिलाच जात नाही?

लीसनला हे दिसत नाही असं नाही. काळ्या खलाशांवर त्यानं एक प्रकरण खर्ची घातलंय. काही जहाजांवर काळ्या माणसांना बरोबरीचं मत आणि वाटा होता. दुसरीकडं काळ्यांना गुलाम म्हणूनच धरलं आणि विकलं. तो सांगतो, गुलाम करण्याचा फायदा सगळ्यांत वाटला जाणार, थोडा-थोडा. पण त्या माणसानं सूड म्हणून पकडून दिलं तर फास प्रत्येकाच्या स्वतःच्या गळ्यात. म्हणून काहींनी काळ्यांना बरोबरीनं घेतलं. तर्क चलाख आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की काळा माणूस फास घडवू शकतो तोपर्यंतच माणूस. बेडीत जखडलेले ते ८० जण कुणाचंच काही बिघडवू शकत नव्हते. फेब्रुवारी १७२२ मध्ये रॉबर्ट्स मारला गेला. केप कोस्टच्या किल्ल्यात खटला चालला, ५२ जणांना फाशी दिली. त्याच्या जहाजांवर सापडलेल्या सत्तरच्या आसपास काळ्या माणसांवर खटला चालवण्याचीसुद्धा गरज कायद्याला वाटली नाही. त्यांना सरळ विकलं. गोरा चाचा निदान गुन्हेगार तरी ठरला. काळा चाचा मालच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, या समुद्रावरच्या गोष्टीचं आपल्याशी काय देणंघेणं? आहे. सरकारशिवाय चालणाऱ्या कारभाराचं कौतुक आपल्याला नवं नाही. आपल्याकडं त्याचं नाव गावगाडा. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. वायझर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं १९३६ साली उत्तरेतल्या एका गावाचा अभ्यास छापला आणि ही परस्परांची सेवा आहे असं चित्र काढलं. आपल्याकडच्या गावगाड्याच्या भक्तांना आणि ग्रामराज्यवाल्यांना असलं चित्र फार आवडतं. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी सांगितलं की जातीत नुसतं काम वाटलेलं नाही, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचलेली आहेत. दोघांच्या डोळ्यांपुढं गावाची रचना एकच. एकानं वाटप पाहिलं, दुसऱ्यानं वाटप करणारा हात पाहिला.

चाचा निदान स्वतः करारावर अंगठा करत होता. महारानं येसकरपाळीच्या करारावर अंगठा कधी केला? जन्मल्याबरोबर त्याचा अंगठा परस्पर उठवलेला. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, सरकारी कागद पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात वतनाचा तुकडा आणि मागून आणायची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते हा व्यवहार मोडण्यासाठी. ते तेव्हा पास झालं नाही. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली.

कामगारांच्या स्वराज्यातही तेच. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढं टाकला. मालकाविरुद्ध सगळ्यांची एकी, आणि एकीच्या आत एक बंद दार.

अर्थशास्त्रानं जातीकडं थेट बघितलेलंही आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ, ज्याला पुढं २००१ साली नोबेल मिळालं, त्यानं १९७६ साली एक लेख छापला. जात पटत नसली तरी माणसं ती का पाळतात? त्याचं उत्तर असं की जो मोडतो त्याला वाळीत टाकतात. आणि वाळीत टाकलेल्याशी जो व्यवहार करील त्यालाही वाळीत टाकतात. म्हणून मनातून कुणालाच नको असलेली रीतसुद्धा टिकते. एकटा मोडायला गेला तर मरतो. पुरेशी माणसं एकदम मोडायला उठली तरच ती मोडते.

गावात राहणाऱ्याला हे सांगायला नोबेल लागत नाही. महाडनंतर काय झालं? सत्याग्रह करून परत गेलेल्या माणसांच्या जमिनी काढून घेतल्या, काम बंद केलं. मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर बाबासाहेब सभासद होते. १९३० सालच्या तिच्या अहवालात हे लिहून ठेवलंय. अस्पृश्य हक्क मागायला गेले की रस्ता बंद, वाण्याचं दुकान बंद, शेतावरचं काम बंद. लाठी न उगारता पोट मारायचं. सरकारशिवायचा बंदोबस्त तो हाच. चाच्यांच्या अर्थशास्त्राचा गावठी अवतार.

अ‍ॅकरलॉफचं गणित इथपर्यंत बरोबर आहे. पुढं ते अपुरं पडतं. पुरेशी माणसं एकदम का उठत नाहीत? याचं उत्तर बाबासाहेबांच्या श्रेणीबद्ध विषमतेत आहे. जातीच्या शिडीत जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे. शिडी मोडली तर वरचा पाय मानेवरून जातो खरा, पण आपला पायही खालच्याच्या मानेवरून जातो. म्हणून मधल्यांना अर्धाच राग येतो. अ‍ॅकरलॉफच्या समाजात वाळीत टाकणं ही शिक्षा आहे, नियम मोडल्यावर मिळणारी. आपल्याला ती शिक्षा काहीही न मोडता जन्मतःच मिळालेली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंचं नावही इथं घेतलं पाहिजे. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. १९९० सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की पाणी, कुरण, मासेमारी अशी सामायिक साधनं सरकार आणि बाजार दोघांशिवाय लोक स्वतः नीट सांभाळू शकतात. मोठं काम आहे, आणि आपल्याला उपयोगाचं आहे. टिकणाऱ्या कारभाराची जी आठ लक्षणं त्यांनी काढली, त्यातलं पहिलं म्हणजे हक्कदार कोण आणि बाहेरचा कोण याची हद्द स्पष्ट पाहिजे. हे वाचलं की आपल्याला चवदार तळं आठवणार नाही तर काय? तिथं हद्द अगदी स्पष्ट होती. जनावर आत, आपण बाहेर. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपला एक हात त्या पाण्याला लागला नाही. आणि कोर्टकचेरी चालली १९३७ पर्यंत. हद्द कुठं आखली हा सवाल पहिला नाही. खडू कुणाच्या हातात होता, हा पहिला.

म्हणून बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाला घटनेचा पाया करायला नकार दिला. गाव आपलं आपण चालतं म्हणून ते चांगलं, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढं १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत राखीव जागा आल्या त्या बाहेरून, घटनेतून. गावानं आपण होऊन दिल्या नाहीत. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं २०१६ साली कायदा केला, तोही बाहेरून. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकार नको, लोक आपलं बघून घेतील, असं लीसनसारखे लोक म्हणतात तेव्हा आपण विचारायचं, लोक म्हंजे कोण?

पण मग ही पुस्तकं फेकून द्यायची का? मुळीच नाही. शत्रूच्या कोठारातलं हत्यार चांगलं असेल तर उचलायचं. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्री होते, रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला. हिशेबाला ते घाबरले नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ कडं या नजरेनं बघा. एकट्या-दुकट्यानं गावात धर्म सोडला असता तर गावानं त्याला एका दिवसात चिरडला असता. लाखोंनी एकदम सोडला. वाळीत टाकायचं कुणाला? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथं मेल्या गाईची कातडी काढणाऱ्या पोरांना चाबकानं मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं मेलेली जनावरं आणून टाकली आणि ढोरं ओढणं बंद केलं. ज्या कामाला किंमत नाही म्हणायचे, ते थांबताच त्याची किंमत सगळ्या गावाच्या नाकाला कळली. बहिष्कार कुठं पकडतो आणि कुठं तुटतो, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं आपल्या तालुक्यापुरतं वहीत मांडावं. काम कुणाकडं, किराणा कुणाचा, पाणी कुठलं, कर्ज कुणाचं. पोट ज्याच्या हातात, बहिष्कार त्याच्या हातात. पर्यायी पोट उभं केल्याशिवाय नुसत्या घोषणांनी बहिष्कार मोडत नाही.

आणि एक गोष्ट या हिशेबाच्या पलीकडची. मॅन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलं की मोठ्या जमावातला शहाणा माणूस स्वतः झीज सोसत नाही. फळ सगळ्यांनाच मिळणार असेल तर दुसरा लढेल, मी घरी बसतो, असा त्याचा हिशेब. महाडला हजारो माणसं निघाली ती त्या हिशेबात बसत नाहीत. डोकी फुटणार, जमीन जाणार, आणि मिळणार काय? ओंजळभर पाणी. त्या पाण्यानं तहान भागणार नव्हती हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण माणूस आहोत हे चारचौघांत सिद्ध करायचं होतं. अर्थशास्त्रज्ञांना हे वागणं चाच्यांपेक्षाही विचित्र वाटेल. वाटू द्या. ज्याला वहीत कधी माणूस म्हणून लिहिलंच नाही, तो आधी स्वतःचं नाव लिहायला जाणार. बेरीज-वजाबाकी त्यानंतर.

तेव्हा लीसन वाचा, अ‍ॅकरलॉफ वाचा, ऑस्ट्रॉम वाचा. आणि कुणी कुठल्याही चांगल्या चाललेल्या व्यवस्थेचं गुणगान करायला लागला की त्याला आधी कागद मागा. करारावर अंगठे कुणाचे आहेत ते मोजा. मग कागद उलटा करून बघा, त्याच्या मागं बेडीत कोण आहे.

जय भीम.